खालची ओळ

शाळेच्या त्या हॉलमध्ये इतक्या वर्षांनी पाऊल टाकलं आणि आधी भेटला तो वास. सतरंज्यांचा, फिनेलचा, आणि बाजाची पेटी उघडल्यावर येतो तसा जुन्या लाकडाचा. खिडक्यांना नव्या जाळ्या बसल्यात. बाहेर गंगापूर रोडवर पूर्वी या वेळेला सायकलींच्या घंटा ऐकू यायच्या, तिथे आता गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत. सुधाताईंनी फोन करून बोलावलं होतं. "वहिनी, गाण्याचं मंडळ पुन्हा सुरू करतोय. पहिल्या दिवशी तुम्ही या. भालेरावांच्या आठवणीसाठी तरी या." त्या अजून पोचल्या नव्हत्या. दोन-चार नवी मुलं खुर्च्या लावत होती. मी भिंतीकडेची एक खुर्ची धरून बसले.

समोर लाकडी पायऱ्या होत्या, गाणाऱ्यांनी उभं राहायच्या. सगळ्यात वरच्या पायरीवर कडेला हे उभे राहायचे. माझे यजमान, श्रीधर भालेराव. मला या हॉलचा खूप राग होता. अजूनही आहे, हे तिथे बसल्यावर कळलं.

आमच्या संसाराची बरीच वर्षं एकलहऱ्याला गेली, वीजकेंद्राच्या वसाहतीत. मी नांदगावची, धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. माहेरी बाजरीच्या पोत्यांचा वास, सासरी राखेचा. धुराड्यांचा धूर कुठे झुकलाय ते बघून आम्ही वसाहतीतल्या बायका कुरडया वाळत घालायचो, आणि वारा फिरला की पदर खोचून गच्चीकडे पळायचो. दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळायच्या, भोंगा व्हायचा, आणि दिवसाचे तुकडे त्या भोंग्याच्या हिशेबानं पडायचे.

हे टर्बाइनवर इंजिनियर होते. त्या यंत्राशेजारी माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यांच्या हाताखालची माणसं मला सांगायची, "वहिनी, साहेब आत काय मोकळा गळा सोडतात! ऐकू काहीच येत नाही, नुसतं तोंड दिसतं." मी हसायचे. मनात म्हणायचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचं गाणं त्या लोखंडाला ऐकू येतं आणि मला नाही. घरी येईपर्यंत ते दमलेले असत. तरी हसतमुख. हसतमुख माणूस म्हणूनच सगळी वसाहत त्यांना ओळखायची. कुणाचा पंखा बिघडला, कुणाच्या मुलाचं गणित अडलं, गणपतीच्या मांडवात दिवे लागेनात, की "भालेरावसाहेब!" अशी हाक यायची आणि हे चप्पल अडकवून निघायचे. जेवताना फोन वाजला आणि युनिट बंद पडल्याचं कळलं, तरी वैताग नाही. ताट झाकून ठेवायला सांगायचे आणि शीळ घालत जिना उतरायचे. ती शीळ खाली गेटपर्यंत ऐकू यायची. मला वाटायचं, जरा चिडावं की या माणसानं. माझ्यासाठी म्हणून जरा चिडावं.

पण मी वाट बघत होते. निवृत्त झाले की हा माणूस माझ्या वाट्याला येणार होता. सकाळी गोदावरीवर, आमच्या गंगेवर, फिरायला जाऊ, येताना रविवार कारंजाहून भाजी आणू, थंडीत सोमेश्वरला जाऊन बसू. मनातल्या मनात मी ते दिवस कितीदा तरी जगून घेतले होते.

नव्वदीचं दशक मध्यावर असताना हे निवृत्त झाले. मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला. आम्ही नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत फ्लॅट घेतला. हिवाळ्याचे दिवस होते. गच्चीतून लांबवर द्राक्षांचे मांडव दिसायचे, आणि सकाळी इतकी थंडी की चहाचा कप दोन्ही हातांत धरूनच प्यावा. त्या पहिल्या हिवाळ्यातले काही आठवडे पूर्णपणे माझे होते. हे मटार सोलत बसायचे, मी निवडणं करायचे, आणि ते मला त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी सांगायचे, इतक्या वर्षांत न सांगितलेल्या.

मग एक दिवस वाचनालयातून येताना ते या हॉलवरून आले. आत तालीम चालली होती. ते दारात उभे राहिले. पेटीवरच्या बाईंनी मान वळवून विचारलं, "गाता का?" हे म्हणाले, "मोठ्यानं गातो, एवढंच सांगू शकतो." सगळे हसले. त्या बाई म्हणजे सुधाताई. गाण्याच्या शिक्षिका, एकट्या, काठापदराच्या सुती साड्या नेसणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. गाणीही त्याच लिहायच्या आणि चालीही त्याच लावायच्या.

त्या दिवसापासून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गेल्या. पुढे तीन झाल्या. कार्यक्रम जवळ आला की सगळ्याच.

तालमीच्या दिवशी चार वाजल्यापासून घरात गडबड. इस्त्रीचा सदरा, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या, आरशासमोर जबडा सैल करायचे चमत्कारिक चाळे. सुपारी सोडा म्हणून मी आयुष्यभर कानीकपाळी ओरडले. सुधाताई एकदाच म्हणाल्या, "भालेराव, सुपारीनं घसा धरतो," आणि यांनी अडकित्ता कपाटावर टाकला तो टाकलाच. मी तो अडकित्ता पुसून ठेवताना किती जळफळले असेन! चांगली गोष्ट झाली होती, कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

"माझ्या सवतीला तीसेक तोंडं आहेत," असं मी बहिणीला फोनवर म्हणायचे. ती खो खो हसायची. मी हसून म्हणायचे, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हे घरी येऊन मला सगळं सांगायचे: आज कोण चुकलं, कोण उशिरा आलं, सुधाताई काय म्हणाल्या. पण सगळं मला दुसऱ्यांदा मिळायचं. विनोद आधी तिथे सांगून झालेला असायचा. एकदा मंडळातले सगळे आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला आले. मी तव्याशी, आणि बाहेर बैठकीत हे कुठल्याशा शिफ्टमधली गंमत रंगवून सांगतायत. हास्याचा फवारा उडाला. ती गंमत मी कधीच ऐकली नव्हती. माझी भाकरी तव्यावर करपली.

एकदा मीही प्रयत्न केला. हेच म्हणाले, "चल ना तू पण." या हॉलमध्ये याच पायऱ्यांसमोर उभं राहून मी सुधाताईंनी दिलेला सा लावला. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा लावायला सांगितला. मग फार सभ्यपणे म्हणाल्या, "वहिनी, तुमचा तालाचा अंदाज छान आहे." मागच्या रांगेतून हे माझ्याकडे बघून इतके कौतुकानं हसत होते, जसं मी काही मोठं जिंकलंय. त्यानंतर मी फक्त कार्यक्रमाला यायचे, समोर बसायला. पडदा वर गेला की दिवे त्यांच्या टकलावर चमकायचे. सुधाताईंचा हात वर जायचा आणि ती सगळी माणसं एकदम श्वास घ्यायची. गाणं नंतर. तो श्वासच मला सहन व्हायचा नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी असा एकदम श्वास कधी घेतला होता?

वृंदगानातली एक गोष्ट मला तेव्हा कळली. सगळे एकच चाल गात नाहीत. पुढच्या बायका वरची ओळ गातात, लोकांच्या लक्षात राहते ती तीच. मागचे पुरुष खालून वेगळीच ओळ धरतात. ती ओळ कुणी गुणगुणत घरी जात नाही. मी यांना एकदा म्हटलंही, "तुमचं कुणाला ऐकूच येत नाही." ते म्हणाले, "बंद केलं की येईल ऐकू." आणि हसले.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी यांचे कान गेले. टर्बाइननं हळूहळू नेले असणार, आमच्या लक्षात उशिरा आलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला. मी "मीठ द्या" म्हटलं की "हो, फार मीठ नको" म्हणायचे. श्रवणयंत्र आणलं, तर ते कानात शिट्ट्या मारायचं. ते खिशात ठेवून हे सगळ्यांना सांगायचे, "मशीन माझ्यापेक्षा चांगलं गातं." डावा कान त्यातल्या त्यात बरा होता. मी कायम डावीकडे बसायला लागले. लोक माझ्याकडे दयेनं बघायचे, आणि मला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. आता तिथे कसं जमणार? आता घरी बसतील.

एका दुपारी बेल वाजली. दारात सुधाताई. हे बँकेत गेले होते. ती वेळ साधूनच त्या आल्या होत्या.

पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात नुसतंच धरून ठेवलं.

"वहिनी, कसं सांगू कळत नाही."

"सांगा की."

"मागच्या रांगेतून एक आवाज खटकतोय. बरेच दिवस. खालची ओळ सरकते, आणि मग सगळंच गाणं हलतं." त्यांनी भांडं तिपाईवर ठेवलं. "भालेरावांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांना थांबा म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. माझीही नाही. तुम्ही सांगाल का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. किती वर्षं या बाईनं हात वर केला की माझा नवरा श्वास घेत होता! आणि आज ती माझ्याच दिवाणावर बसून त्याला घरी ठेवून घ्या म्हणत होती. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? मी त्यांना आल्याचा चहा करून दिला, वर ओल्या नारळाची वडीही दिली.

"सांगते मी," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गच्चीत मेथी निवडत बसले होते. एवढी नाजूक गोष्ट, आणि ओरडून सांगायची म्हणजे चारी मजल्यांना कळणार. मी स्टूल ओढून डाव्या बाजूला बसले, तोंड कानाशी नेलं.

"सुधाताई आल्या होत्या काल."

"बरं."

"म्हणत होत्या, मागून एक आवाज चुकतो. तुमचा असावा असं त्यांना वाटतंय. आता थांबावं म्हणतात."

मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मेथीच्या काड्यांकडे बघत राहिले. आणि हे हसायला लागले. मनापासून, खांदे हलवून.

"अगं, मी कुठे गातोय?"

"म्हणजे?"

"दिवाळीपासून गातच नाही मी. मला सूर नीट पोचत नाही, कशाला बिघडवू त्यांचं? नुसतं तोंड हलवतो."

"मग चुकतं कोण?"

"पाटणकर." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांना वाटलं की आणला. "माझ्या डाव्या हाताला उभा असतो. तेवढं येतं मला ऐकू."

पाटणकर म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आदल्या वर्षी त्यांची बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे आले की पुस्तकांच्या कपाटाकडे बघत बसायचे.

"अहो, मग सांगा की तसं सुधाताईंना! तुमच्यावर कशाला येऊ द्यायचं?"

"सांगितलं तर त्याला काढतील. त्याला घरी बोलायला कोण आहे? आठवड्यात तेवढंच तोंड उघडतो तो." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "माझं नाव असू दे. मला काढायचा धीर त्यांना होणार नाही. तू फक्त सांग, भालेराव यापुढे हळू गातील म्हणाले."

मला रडू यायला लागलं होतं, आणि रागही. मी विचारलं, "गायचं नाही, ऐकू येत नाही, मग जाता कशाला तिथे?"

खाली भाजीवाल्या बाईची हाक आली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

"उभा राहतो ना मी त्यांच्यात," ते म्हणाले. "सगळे एकदम श्वास घेतात तेव्हा पायाखालची फळी जराशी हलते. ते कळतं मला. फार बरं वाटतं."

मी म्हटलं, "आणि मी?"

हे मेथी निवडत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही, की आलं आणि उत्तर सापडलं नाही, मला आजतागायत माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

सुधाताईंना मी सांगितलं ते यांनी सांगायला लावलं तेवढंच. पुढच्या तालमीपासून हे पाटणकरांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहू लागले. शेजाऱ्याचा आवाज वर जातोय असं डाव्या कानाला वाटलं की पाठीवर हलकेच दाबायचे. पाटणकर हळू व्हायचे. चुकलेला सूर बाकीच्यांत बुडून जायचा. सुधाताईंना वाटलं, भालेरावांनी मनावर घेतलं.

आणि मग घरी एक वेगळंच सुरू झालं. तिथे मिटलेला गळा हे इथे उघडायला लागले. सकाळी झाडांना पाणी घालताना, दुपारी लसूण सोलताना, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत. स्वतःला ऐकू यावं म्हणून प्रचंड मोठ्यानं. आणि गायचे ती खालची ओळ. नुसती. वरच्या चालीशिवाय ती ओळ ऐकली तर तिला ना सुरुवात ना शेवट. बराच वेळ एकाच जागी घुटमळते, मध्येच एक पायरी खाली उतरते, पुन्हा थांबते. कुणी तरी दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या बोलण्याला हुंकार देतंय, असं वाटावं. त्यात हे बेसूर. मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी कोंडाबाई खालून ओरडायची, "बाबा लय जोरात हायेत आज! कोनतं गानं म्हनायचं हे? आम्हाला तर कायबी वळखू येत नाय!"

मला यायचं ओळखू. पहिल्यांदा मी दारं लावून घेतली, शेजाऱ्यांची लाज वाटून. नंतर लावली ती दुसऱ्या कारणानं. बाहेर कशाला जाऊ द्यायचं? मंडळाकडे यांचं उभं राहणं होतं, पाठीवरचा हात होता, तो फळीचा कंप होता. गाणं मात्र माझ्या स्वयंपाकघरात होतं. पोळ्या लाटताना लाटणं त्या ओळीवर फिरायचं. उन्हाळ्यात कैरीच्या फोडींना मीठ लावताना, थंडीत गूळ-तिळाचा पाक बघताना, डोक्यावरून ती ओळ जात राहायची. सुधाताईंची सगळी गाणी अशी मी खालच्या बाजूनं शिकले. वरची चाल ऐकली की मला ती अपुरी वाटायला लागली.

त्यांचा शेवटचा कार्यक्रम मोठ्या नाट्यगृहात झाला. मी पुढच्या रांगेत. सबंध वेळ मी फक्त त्यांचं तोंड बघत होते. इतकं छान उघडत होतं, इतकं आनंदानं, आणि त्यातून काहीही बाहेर येत नव्हतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती समरसून गातात!" मी मान हलवली.

पुढच्या वर्षी द्राक्षं उतरत होती तेव्हा हे गेले. आजारपण लांबलं नाही. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

याच हॉलमध्ये शोकसभा झाली. मंडळ गायलं. मग एकेक जण बोलला. पाटणकर उठले, कधी चार माणसांत न बोलणारे. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून म्हणाले, "भालेराव शेजारी होते म्हणून मी सुरात राहिलो. शेवटच्या कार्यक्रमात त्यांचा आवाज माझ्या कानाशी होता. अजून आहे." हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. सुधाताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "शेवटी शेवटी तर त्यांचा आवाज फार गोड लागत होता."

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले.

हॉलचं दार वाजलं तशी मी भानावर आले. सुधाताई आल्या, एका मुलीच्या हाताचा आधार घेत. फार थकल्यात. माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"पाटणकरही गेले," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेतलं आता कुणी राहिलं नाही, वहिनी."

"कळलं होतं मला."

"या मुलांना आपली जुनी गाणी शिकवायचीत. वरची चाल सगळ्यांना पाठ आहे. पण खालची ओळ..." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "ते नदीचं गाणं आहे ना, त्याची खालची ओळ मीच बांधली आणि मलाच आठवत नाही. कुठे लिहूनही ठेवली नाही. भालेराव घरी म्हणायचे का हो कधी? तुमच्या कानावर पडली असेल थोडीफार?"

थोडीफार! मी डोळे मिटले असते तर ती अख्खी ओळ, जिथे घुटमळते तिथे घुटमळून, जिथे उतरते तिथे उतरून, माझ्या ओठांवर आली असती. पण ती आली असती यांच्या गळ्यातून मला मिळाली तशी. आणि सुधाताईंनी डोळे मिटून ऐकली असती, आणि फार सभ्यपणे म्हणाल्या असत्या, इथे जरा चुकतंय, वहिनी. मग पेटीवर बोट ठेवून त्यांनी ती दुरुस्त केली असती. मुलं बरोबर ओळ शिकली असती, आणि माझ्या डोक्यातली चुकीची ठरली असती.

"नाही हो," मी म्हटलं. "घरी ते गायचेच नाहीत."

सुधाताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. त्यांनी मुलांना पायऱ्यांवर उभं केलं, हात वर केला. मुलांनी श्वास घेतला, एकदम नाही, मागेपुढे. गाणं सुरू झालं, नुसतं वरचं.

मी पिशवी उचलून बाहेर आले. रिक्षा मिळाली. गंगापूर रोडला गर्दी इतकी की रिक्षा हलेना. चहूकडून हॉर्न, कुणाचं कुणाला ऐकू येऊ नये असा कल्ला. त्या कल्ल्यात मी तोंड उघडलं आणि मोठ्यानं म्हटली ती ओळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी मला येते तशी.